मसाल्याच्या डब्यातले स्क्रू

उत्तमकाकांकडे जेवायला बसलात तर वरण जरा जपून खा. माझ्या दाढेखाली एकदा स्क्रू आला होता. मी कळवळून गाल धरला, तर काका माझ्याऐवजी स्क्रूकडे धावले. "थुकू नको, थुकू नको! दाखव. हाव, हा त् मास्तरच्या कॅमेऱ्याचा हाय! चार दिवसांपासून धुंडून राह्यलो!" माझ्या दाढेची चौकशी अजून व्हायची आहे.

नालवाडीत आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. आयुष्यभर पुलगावच्या डेपोत कारकुनी केली. दारूगोळ्याची जागा, तिथे विचारल्याशिवाय साधं खोकं उघडायची सोय नाही. तुंबलेली ती हौस रिटायर झाल्यावर जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांवर निघाली. आधी स्वतःचा खोलला, मग मेव्हण्याचा, मग गल्लीतल्या लोकांच्या माळ्यावरचे. काकू होत्या तोवर हा पसारा मागच्या खोलीत होता. त्या गेल्या आणि पसारा स्वयंपाकघरात आला. काकूंच्या मसाल्याच्या डब्यात आता सात वाट्यांत सात जणांचे स्क्रू असतात. हळद बिचारी पुडीत राहते.

कॅमेरा दुरुस्त झाल्याची खात्री काका रोल न घालताच करतात. येणाऱ्याजाणाऱ्याला दारात उभं करून "मान वर, हासा" म्हणतात, खटका दाबतात आणि समाधानाने मान डोलावतात. अर्ध्या नालवाडीचे फोटो त्यांनी असे काढले आहेत. एकही कोणी पाहिलेला नाही.

कॅमेरा परत मागायला गेलं की मात्र गाडी अडते. "झाला जी. एक स्क्रू बाकी हाय. घाई हाय का?" मग चहा. मग कॅमेऱ्याच्या पोटात वाळून घट्ट झालेल्या तेलावर पाऊण तास भाषण. माणूस हात हलवत घरी जातो आणि बायकोची बोलणी खातो. कारकुनी हाडात मुरली की माणूस स्क्रूचीही फाईल करतो.

माझं प्रकरण आठ महिने रखडलं. कॅमेरा बाबांचा, पहिल्या पगारातून घेतलेला. अलीकडे त्यांचा हात कापतो. ऐंशीव्या वाढदिवसाला साऱ्या घराचा फोटो आपणच काढायचा, पुढे हात साथ देतो की नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी नागपूरहून रोल आणून ठेवला. बाबा रोज विचारायचे, मी रोज "एक स्क्रू" सांगायचो. शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं. ते मला फार लागलं.

वाढदिवसाच्या सकाळी मी तणतणत गेलो. दार उघडं, काका दूध आणायला गेलेले. ओट्यावर बाबांचा कॅमेरा होता. खटका दाबला, अगदी स्वच्छ आवाज. काच लख्ख. उजेड अडवणारा आतला सडका फोम काढून छत्रीचं काळं कापड सुबक चिकटवलेलं. तळाशी फक्त एका स्क्रूची जागा रिकामी होती. मी मसाल्याचा डबा उघडला. प्रत्येक वाटीत नावाची चिठ्ठी आणि एकेकच स्क्रू. माझ्याही.

मागे वळलो तर काका दुधाची पिशवी घेऊन दारात उभे.

"काका, हा त् कवाचा तयार हाय!" मी ओरडलो. "बाबा तिकडे वाट पाहून राह्यले. काऊन अडवला?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुरा करून देल्ला, त् कोन येते गा इकडे? तुही काकू गेली तवापासून हे सात जनंच येतात. या वाट्यांच्यानं येतात."

मग माझ्या वाटीतला स्क्रू काढून जागेवर बसवला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "बाबाले नमस्कार सांगजो." चहाचं नावही काढलं नाही. वाढदिवसाला या, असं मी तिथेच म्हणायला हवं होतं. रागात सुचलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

दुपारी बाबांनी कोपरं टेबलावर टेकवली, श्वास रोखला आणि फोटो काढला.

पुढच्या रविवारी मी कॅमेऱ्याच्या तळाचा तोच स्क्रू काढला, खिशात टाकला आणि काकांकडे गेलो.

"काका, हा स्क्रू निघून राह्यला."

त्यांनी चष्मा पुसून आधी स्क्रू पाहिला, मग मला. डबा उघडून तो माझ्या रिकाम्या वाटीत टाकला आणि गॅसवर चहाचं भांडं चढवलं.

"घाई हाय का?"

"नाई," मी म्हणालो, आणि बसलो.