अँप्लिफायर दुरुस्तीला आहे

लग्नाआधी जावईबापूंनी "मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो" अशी थाप मारली होती आणि ती पचलीही होती. पुढे बायको "एकदा ऐकव ना" म्हणून मागेच लागली, तेव्हा त्यांनी जुन्या बाजारातून, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्वचा एक म्हातारा अँप्लिफायर आणला. तो आणल्या दिवसापासून दुरुस्तीला होता. तो नीट होईपर्यंत वाजवण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तो नीट होऊ नये याची काळजी जावईबापू जातीने घेत.

रविवारी सासरे करंट मोजायचा मीटर घेऊन हजर झाले. निवृत्त माणूस आणि त्यात हातात मीटर, म्हणजे जावईबापूंचं काही खरं नव्हतं. सासऱ्यांनी मागची फळी काढली, बटण दाबलं. थोड्या वेळाने व्हॉल्वच्या आतला पत्रा लालबुंद झाला.

"बायस बिघडलाय," सासरे म्हणाले. "व्हॉल्वमधून नको इतका करंट जातोय. हा स्क्रू फिरवून मीटरवर आकडा लावला की झालं."

आणि खरंच झालं. लाली गेली. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "मग मी वरच्या काकूंना बोलावते हं."

सासरे हात धुवायला गेले तेवढ्यात जावईबापूंनी स्क्रू पार टोकापर्यंत फिरवला. सासरे परतले तर व्हॉल्व पुन्हा लाल.

"व्हॉल्वच गेला असणार," म्हणत सासऱ्यांनी पिशवीतून नवी जोडी काढून बसवली, आकडा लावला. मग त्यांना फोन आला, ते गॅलरीत गेले आणि नवी जोडीही लाल झाली. तोवर वरच्या काकू मैत्रिणीला घेऊन आल्या होत्या. बायको बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडत होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून जावईबापूंना स्वतःची लाज वाटली, पण वाजवता येत नव्हतं ते नव्हतंच.

सासऱ्यांनी तिसऱ्यांदा आकडा लावला. "जरा पाठ टेकतो," म्हणत ते तोंड फिरवून बसले. जावईबापूंनी अलगद स्क्रूड्रायव्हर उचलला. समोरच्या कपाटाच्या काचेतून सासरे त्यांच्याकडेच बघत होते.

"वाजवता येत नाही ना?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा."

"मग त्या बाजूला कशाला फिरवताय? व्हॉल्व जळतात, महाग येतात. उलटा फिरवा. व्हॉल्व गार राहतो, आवाज फाटतो आणि कोणी वाजव म्हणत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझा माळ्यावर आहे. लग्नापासून."

तेवढ्यात बायको दारात आली. "झालं का, बाबा?"

सासऱ्यांनी शांतपणे मीटर पिशवीत टाकला. "खोट फार खोल आहे गं," ते म्हणाले. "असल्या कामाला किती वर्षं लागतात, तुझ्या आईला विचार."