साडेतीन फुटांची सुतळी

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, त्या सुमाराची गोष्ट. कोल्हारच्या रस्त्यात काळा कोट घातलेल्या एखाद्या गृहस्थाने तुम्हाला अडवून सुतळीचं एक टोक तुमच्या नाकाला लावलं असतं, दुसरं स्वतःच्या पोटाशी धरलं असतं आणि "हलू नका, डोळे मोठे करा," असं फर्मावलं असतं, तर घाबरायचं कारण नव्हतं. ते आमचे साळवे मास्तर. ते कॅमेरा निवडत होते.

कॅमेरा त्यांच्याजवळ नव्हताच. पोटाशी असायचा तो चहाचा रिकामा पत्र्याचा डबा. त्याला पुढून खिळ्याने भोक पाडलेलं आणि बाजूला सदऱ्याचं एक बटण डकवलेलं. मास्तर बटण दाबत आणि समाधानाने मान हलवत, "आले! डोळे आले."

मी शाळेत नवा लागलो होतो, म्हणून मास्तर मला 'धाकटे मास्तर' म्हणत. ते चौथीला शिकवायचे. ख्रिस्ती वस्तीत ते आणि त्यांची मुलगी सुमती अशी दोघंच राहत. सुमती लहान असतानाच तिची आई वारली होती. घर नीटनेटकं होतं. भिंतीवर एकच तसबीर, तीही विणलेल्या कापडाने झाकलेली. प्रवरेच्या काठची धूळ मला ठाऊक असल्यामुळे मी त्या कापडाची कधी चौकशी केली नाही.

गावाने या डब्याचा त्रास करून घेतला नाही. गावातले म्हातारे सोपानतात्या तर आपणहून पुढे उभे राहत. एकदा त्यांनी शंका काढली, "मास्तर, फोटू काडला की आयुष्य घटतंय म्हंत्यात. तुमच्या डब्यानं न्हाई न्हवं घटत?"

"नाही तात्या, डबा रिकामा आहे."

"मंग काडा की आनखी दोन!"

कॅमेऱ्यांच्या कुठूनकुठून मागवलेल्या छापील याद्या मास्तरांनी एका वहीत चिकटवल्या होत्या, आणि ही वही भरायला त्यांना दोन वर्षं लागली होती. हेडमास्तर म्हणायचे, "एवढ्या चौकशा मी जावई शोधतानाही केल्या नव्हत्या." मास्तरांवर काही परिणाम नाही. कॅमेऱ्याचा विषय निघाला की त्यांचा प्रश्न ठरलेला: "त्यात डोळे येतात का?"

मी एकदा वैतागून म्हटलं, "मास्तर, नवशिक्याने साधा डबा कॅमेरा घ्यावा. स्वस्त असतो, बिघडत नाही. धरायचा आणि दाबायचं."

मास्तरांनी खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या. पहिली साडेतीन फुटांवर, दुसरी आठ फुटांवर. दुसऱ्या गाठीपर्यंत मला मागे ढकलून त्यांनी डोळे किलकिले केले. "डबा कॅमेरा आठ फुटांच्या आत धूसर काढतो, धाकटे मास्तर. तिथून तुमचा कोट येईल, टोपी येईल, मागचं लिंबाचं झाड येईल. डोळे मोहरीएवढे येतील. काय करायचे?" मग ते पहिल्या गाठीपर्यंत पुढे आले. "लोहाराच्या भात्यासारखा उघडमिट होणारा, तो भात्याचा कॅमेरा इथून काढतो. पण अंतर आपण मोजून लावावं लागतं. चुकलं की सगळंच गेलं."

म्हणजे सुतळीचा हा उद्योग पक्का अभ्यासाचा होता. मला हसू आलं आणि थोडी शरमही वाटली.

मार्चात सुमतीचं नक्की झालं. जूनमध्ये तिला मिरजेला नर्सचं शिक्षण घ्यायला जायचं होतं, तीन वर्षांसाठी. मुलगी खुशीत होती. मास्तरांनी मात्र त्याच दिवशी मला शाळेच्या पडवीत गाठलं. "आता निवडत बसायला सवड नाही. ती जायच्या आत तिचा फोटो निघाला पाहिजे. डोळ्यांसकट."

"अहो, नगरच्या स्टुडिओत घेऊन जा की तिला. डोळे, नाक, कान, सगळं काढून देतील."

"फोटोवाल्याच्या हातात नाही देणार," मास्तर एकदम तुटकपणे म्हणाले. एरवी ते असं कधी बोलत नसत. मी विषय सोडून दिला.

पैसे जमेपर्यंत जून उजाडला, आणि ती निघायच्या आदल्या शनिवारी आम्ही सर्व्हिस मोटारीने, त्या काळच्या बसने, नगरला गेलो. छावणीतले गोरे मायदेशी परतत होते, जाताना चीजवस्तू विकत होते, त्यामुळे जुन्या मालाच्या दुकानात कॅमेरेच कॅमेरे होते. दुकानदार एकेकाची काच पुसून तारीफ करत होता. मास्तरांनी सुतळी काढून त्याच्या नाकाला लावली. तो बिचारा हातात कॅमेरा धरून ताठ उभा राहिला.

शेवटी एक भात्याचा कॅमेरा पसंत पडला. मिटला की कोटाच्या खिशात मावेल एवढा, कातडं कोपऱ्यात सोललेलं, पण काचेभोवतीच्या कडीवर अंतराचा आकडा साडेतीन फुटांपासून सुरू. मास्तरांनी तो आकडा तीनदा वाचला. मास्तरकीच्या पगाराला झेपेल अशी किंमत होती, कारण कातडं सोललेलं होतं. सोबत आठ फोटोंची एकच फिल्म मिळाली. मास्तर म्हणाले, "बास. मला एकच फोटो काढायचाय."

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी सुमतीला अंगणात उभं केलं. मी सुतळीचं टोक तिच्या नाकाशी धरलं, अंतर जमलं, टोक सोडलं. मास्तरांनी खाली मान घालून कॅमेऱ्याच्या इवल्याशा आरशात पाहिलं.

"हलू नकोस. डोळे मोठे कर."

"बाबा, मी कुठं हलतीय?" सुमती हसत म्हणाली. "तुम्हीच हलताय."

खरंच होतं ते. अख्ख्या गावाला दोन वर्षं हलू नका म्हणणाऱ्या माणसाचे हात थरथरत होते. एक फोटो गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. सुमतीचं हसू मावळलं आणि ती बापाकडे एकटक बघायला लागली. सातवा झाल्यावर मी घरातून तिपाई आणली, तिच्यावर पुस्तकांची चळत रचली आणि कॅमेरा वर ठेवला. मास्तरांनी सुतळीने अंतर पुन्हा मोजलं, श्वास धरला आणि आठवा फोटो काढला. मग मोटार आली.

पंधरवड्याने फोटो मीच नगरहून आणले. सात हललेले होते. आठवा स्वच्छ आला होता. सुमती समोर बघत होती, डोळ्यांत पाणी भरलेलं, पण डोळे पुरते उघडे.

मास्तरांनी तो फोटो उजेडात धरून पाहिला. मग उठले आणि भिंतीवरच्या तसबिरीचं कापड काढलं. खुर्चीत बसलेली एक बाई. डोळे मोठे, काळेभोर, टक्क उघडे. पण बघणाऱ्याला कसंसंच व्हावं असे.

"सुमीची आई," मास्तर म्हणाले. "तीन दिवसांच्या तापात गेली. जितेपणी फोटो काढला नव्हता, म्हणून गेल्यावर नगरहून फोटोवाला बोलावला. खुर्चीत बसवली तिला. डोळे मिटलेले होते. त्याने नंतर कुंचल्याने उघडे रंगवले. त्याचा काय दोष? त्यानं तिला कधी बघितलंच न्हवतं. कुणाचे तरी डोळे काढले. तेरा वर्षं ती या घरात परक्या डोळ्यांनी बघतीय. मला बघवंना, म्हणून कापड टाकलं."

इतके दिवस या माणसाची मी थट्टा केली होती, आणि त्यानेही ती हसत करू दिली होती.

त्यांनी सुमतीचा फोटो माझ्यापुढे धरला. एका हाताने कपाळ झाकलं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी नाकाखालचा भाग. मधे फक्त डोळे राहिले.

"एवढंच बगा, धाकटे मास्तर," चौथीला शुद्धलेखन शिकवणारे साळवे मास्तर म्हणाले. "हे डोळं तिच्या आईचं हायेत. सुमी रोज घरात हुती, तवर मला दिसत हुते. आता ती गेली."

मग त्यांनी तो फोटो तसबिरीच्या चौकटीत, काचेच्या कोपऱ्यात खोचला. काढलेलं कापड पुन्हा टाकलं नाही. त्यात कॅमेरा गुंडाळून पेटीत ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी तो बाहेर काढलेला मला आठवत नाही. सोपानतात्यांसाठी चहाचा डबा होताच.

मी निघालो तेव्हा ते भिंतीकडेच बघत होते.

"रंगवलेले खोटे तर खोटे," ते म्हणाले. "खरे शेजारी हायेत. आता बघू दे तिला."