फक्त मार्गदर्शन

विज्ञान प्रदर्शन हा बालमनातल्या कुतूहलाचा उत्सव असून तो पालकांनी प्रत्येक अपत्यामागे किमान आठ वेळा साजरा करायचा असतो. मूल एक असेल तर निभावतं. दोन असतील तर थर्माकोलसाठी घरात वेगळी खोली लागते.

बडोद्यातल्या एका इंग्रजी शाळेचं परिपत्रक पाचवी ‘ब’च्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोमवारी सकाळी आलं. कलम तीन : प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः करावा. कलम चार : पालकांनी फक्त मार्गदर्शन करावे. समा भागातल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या रसिकाने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होती. जे डोळ्यांना दिसत नाही ते असतंच, हे तिला पक्कं माहीत होतं. ‘विद्यार्थ्याने स्वतः करावा’ याचा अर्थ, बाकीच्यांनी सुरुवात केलेली आहे.

तिची मुलगी अवंती मात्र कलम तीन शब्दशः धरून बसली. (दहा वर्षांच्या मुलांना परिपत्रक वाचायचं शिक्षण अद्याप मिळालेलं नसतं.) दांडिया बाजारात राहणाऱ्या निरुपमा आजींचं म्हणणं असं, की गुळाच्या डब्याभोवती हळदीची रेघ ओढली की मुंग्या ती ओलांडत नाहीत. अवंतीने बाल्कनीत गुळाचे चार खडे ठेवले. एकाभोवती हळद, एकाभोवती मीठ, एकाभोवती खडूची पूड, चौथ्याभोवती काहीच नाही. मग बाबांचं घड्याळ मनगटावर चढवून ती तीन दिवस शाळेतून आल्या आल्या तिथे पालथी पडून राहिली. मुंग्यांनी मीठ नऊ मिनिटांत ओलांडलं, हळद सतरा. खडूपाशी त्या थबकल्या, आपसात काहीतरी बोलल्या आणि एकविसाव्या मिनिटाला रेघ ओलांडून आत गेल्या.

आजींना निष्कर्ष फोनवर कळवण्यात आला. त्या जराही विचलित झाल्या नाहीत.

“तुमच्या समाच्या मुंग्या तसल्याच असणार,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडच्या नाही हो ओलांडत.”

अवंतीने वहीत लिहून घेतलं : दांडिया बाजारात पुन्हा करून बघणे.

त्या आठवड्यात पाचवी ‘ब’मध्ये विज्ञान म्हणता येईल असं जे काही घडलं ते एवढंच. ते अर्थातच थांबवावं लागलं.

झालं असं, की लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या भक्तीबेन भेटल्या. त्यांचा दिग्विजय अवंतीच्याच वर्गात.

“कीडी उपर प्रोजेक्ट?” भक्तीबेन म्हणाल्या. मुंग्यांना त्या कीडी म्हणतात आणि अजूनला हजी. “सारुं छे हं, रसिकाबेन. सिंपल छे. अमारा दिग्विजयनुं तो हजी वायरिंगज चाले छे.”

‘सिंपल’ हा एक शब्द रसिकाला चौथ्या मजल्यापर्यंत पुरला.

घरी येऊन तिने ग्रुपवर गोडीगुलाबीने चौकशी केली. वर्गात एकूण अडतीस प्रकल्प. पैकी ज्वालामुखी अकरा, जलविद्युत केंद्रं नऊ, ठिबक सिंचन सहा, स्मार्ट सिटी पाच (हात लावू नये), सूर्यमाला चार, हृदयं दोन आणि मुंग्या एक.

आता हा निव्वळ हेवा होता म्हणावं तर तसंही नाही. गेल्या वर्षी अवंती ‘पानं पिवळी का होतात’ या तक्त्यापाशी दोन तास उभी होती आणि त्या दोन तासांत तिच्याकडे फक्त शिपाईकाका आले होते, ते पंख्याचं बटण तिच्यामागे होतं म्हणून. घरी येताना पोरगी रस्ताभर एक अक्षर बोलली नव्हती. रसिकाला ते न बोलणं अजून ऐकू येत होतं. यंदा लेकीच्या टेबलापाशी कुणीतरी थांबलंच पाहिजे, मग त्यासाठी विज्ञानाला थोडी कळ सोसावी लागली तरी चालेल, असं तिने ठरवलं.

नवरा आशय एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होता. त्याने ‘कौटुंबिक कारण’ लिहून दोन दिवसांची रजा टाकली आणि मगरींसाठीच प्रसिद्ध असलेल्या विश्वामित्री नदीच्या पुराचा इशारा देणारी मगर योजली. नदीत पाणी वाढलं की मगरीचे डोळे लाल. कामाची वाटणी लोकशाही पद्धतीने झाली. संकल्पना, पंप, वायरिंग आणि मगरीचे डोळे : आशय. नदी, अकोट्याचा पूल, झाडी, फाइल आणि फाइलवरची नक्षी : रसिका. चिकटपट्टी धरणे आणि ‘जरा बाजूला हो’ म्हटल्यावर बाजूला होणे : अवंती.

“आणि माझ्या मुंग्या?” अवंतीने बाजूला होत विचारलं.

“पुढच्या वर्षी करू हं त्या.”

“पुढच्या वर्षी या मुंग्या नसतील, आई.”

विधान शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक असल्याने रसिकाने तिच्या हातात चिकटपट्टी दिली.

उरलं तोंडी परीक्षेचं. परीक्षक कुठलाही असो, ‘हे तू स्वतः केलंस का?’ हा एकच प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तरही एकच आहे : ‘यस सर. माय पेरेंट्स ओन्ली गायडेड मी.’ अवंतीकडून ते वरणभाताच्या प्रत्येक घासामागे एकदा घोटून घेण्यात आलं.

शनिवारी शाळेच्या सभागृहात टेबलांपासून चार हातांवर पिवळ्या खडूची जाड रेष मारलेली होती. परीक्षण संपेपर्यंत पालकांनी रेषेच्या आत येऊ नये, असं दीप्ती टीचरनी माइकवरून तीनदा सांगितलं. पालकांनी ते मान डोलावून मान्य केलं. सगळे सुशिक्षित होते.

परीक्षक, एक निवृत्त प्राध्यापक, ज्वालामुखींतून वाट काढत अवंतीपाशी आले. मगरीचे डोळे वेळेवर लाल झाले. त्यांनी त्याआधी आणखी दोन मगरी पाहिल्या होत्या (दोन ज्वालामुखींचं ऐनवेळी मतपरिवर्तन झालं होतं).

“सरस,” ते म्हणाले आणि त्यांनी तो एकुलता प्रश्न गुजरातीत विचारला. “आ तें जाते बनाव्युं, बेटा?”

रसिकाचे ओठ आपोआप हलले : यस सर. अवंतीचे हलले नाहीत. तिने मगरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि टेबलाखालून वही काढली.

“ये नहीं, सर,” ती म्हणाली. “ये.”

सरांनी चष्मा वर केला आणि वाचू लागले. आधी मुंग्यांची पानं. मग एक ताजं पान, शाई जेमतेम वाळलेली. प्रयोग दुसरा. रेघ : खडू. आत ठेवलेलं : मुलं. पहिला पालक : चार मिनिटं (दिग्विजयची आई, त्याचा भांग नीट करायला). बाबा : सहा मिनिटं (वायर). आई : नऊ मिनिटं (कारण समजलं नाही). सगळे आत : अकरा मिनिटं. निष्कर्ष : खडूपाशी मुंग्या जास्त वेळ थांबतात.

सरांनी मान वर करून सभागृहावर नजर फिरवली. रेष त्यांना दिसली नाही, कारण तिच्यावर कुणाची ना कुणाची चप्पल होती.

“अने आ तें जाते कर्युं?”

“यस सर,” अवंती म्हणाली. “माय पेरेंट्स ओन्ली गायडेड मी.”

त्या सभागृहात हे वाक्य त्या दिवशी अडतीस वेळा बोललं गेलं. खरं एकदाच होतं.

सर तिथून हलेनात. मीठ किती जाड टाकलं होतंस, असं त्यांनी विचारलं, आणि अवंती बोलायला लागली. हातवारे करून, मध्येच आजींची नक्कल करून, दांडिया बाजारच्या मुंग्यांचं प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याचं सांगून. रसिकाने तिला परक्या माणसाशी इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातात मगरीची सुटलेली वायर होती. ती तिने हळूच खाली ठेवली आणि मोजून चार पावलं मागे गेली. (वहीत परतीच्या वेळेचा रकाना नव्हता.)

निकाल त्याच दुपारी ग्रुपवर आला. तो इथे मुद्दाम दिलेला नाही. ज्या सुजाण वाचकांना हे सगळं वाचून झाल्यावर फक्त ‘बरं, मग नंबर कितवा आला?’ एवढंच विचारायचं आहे, त्यांनी एकदा आपल्या पायांखाली बघावं. रेष केव्हाच मागे पडली आहे. किती मिनिटं लागली तेवढं सांगा, लिहून घेणारी उभी आहे.