साळोजीरावांचं ताजं शेण

बाळांनो, एका जंगलात इतकी सुधारणा झाली होती की प्रत्येक बिळापुढे बाग असे. त्यांत नावाजलेली बाग साळोजीराव साळिंदरांची. अंगभर काटे असल्यामुळे गुलाबांशी त्यांचा घरोबा होता.

दरवर्षी सिंहीण राणीसाहेब जंगलातला सर्वांत सुंदर गुलाब माळत. (सिंहिणीला आयाळ नसते, मग माळत कुठे, असं विचारायचं नाही. दरबारात कुणी विचारत नाही.) तो मान कायम साळोजीरावांचा. मान गेला तर लोक तोंडात शेण घालतील, या धास्तीने त्यांना झोप लागत नसे.

यंदा शेजारच्या गवोबा गव्यानेही गुलाब लावले. गवोबा म्हणजे मूर्तिमंत आळस. त्याच्या घरामागे शेणाचा ढीग कधीचा पडून होता.

"अहो, उचला की तो!" साळोजीराव नाक मुरडून म्हणाले.

"तुमीच न्या. बागेला घाला."

"शिळं? माझ्या गुलाबांना? आमच्याकडे पाहुण्याला कधी शिळी भाकरी वाढली नाही. ताजं असेल तर द्या."

"ताज्याला काय तोटा!" गवोबा म्हणाला आणि जागेवरच शेपूट उचलून मोकळा झाला.

मग रोज पहाटे साळोजीराव टोपली घेऊन हजर. वाफाळतं शेण ते स्वतः गुलाबांच्या बुंध्याशी थापत. "पोटभर जेवा रे," असंही म्हणत.

गुलाब जेवले. पानांच्या कडा करपल्या, मुळं भाजली, कळ्यांनी माना टाकल्या. "काही कमी पडू दिलं नाही हो!" साळोजीराव रडकुंडीला आले.

इकडे ढिगामुळे गवोबाचं मागचं दार उघडेना. ढीग एव्हाना कुजून काळा, भुसभुशीत झाला होता. वासही उरला नव्हता. गवोबाने शिंगांनी तो लोटला, तो गुलाबांच्या वाफ्यात पसरला. आवरायचा त्याला कंटाळा आला. झाडं फुलांनी लगडली.

राणीसाहेबांनी गवोबाचा गुलाब माळला. "एवढं केलंत तरी काय?"

"काय बी न्हाई, बाईसाहेब. वरीस झालं, शेणाला हात लावला न्हाई."

"केवढा हा संयम!" प्रधान लांडगा गहिवरला. गवोबाला तिथल्या तिथे 'संयममूर्ती' ही पदवी मिळाली. साळोजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सगळेच टाळ्या वाजवत होते, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

तात्पर्य : टाळलेलं काम पुरेसं कुजलं की त्याला तपश्चर्या म्हणतात. जे वेळेवर आणि जीव ओतून काम करतात, त्यांनी शेण खाल्लं असं म्हणतात.