बापटकाकांचं कोरडं बेट

आमच्या नेपरव्हिल गावात बर्फाखालून गाडी उकरणाऱ्या माणसाला थांबवून बापटकाका अरुबा बेटाची हवा सांगतात. आज एकतीस, वारा पूर्वेचा, पाऊस नाही. "वाळवणाची हवा आहे रे." समोरच्याचं नाक गळतंय, याचं त्यांना सोयरसुतक नसतं.

निवृत्त इंजिनिअर. बायको नर्सिंग होममध्ये, विसरभोळेपणाच्या पार पलीकडे, आणि हा माणूस दरवर्षी बेटावर. आमच्या मंडळात यावर बरंच बोललं जातं. सगळ्यात जास्त मी बोलतो.

गेल्या नोव्हेंबरात त्यांनी मलाही ओढलं. मी शून्यातून दोन दुकानं उभी केलेला माणूस, भाव पाडल्याशिवाय हॉटेलात पाऊल ठेवत नाही. फोनवर हुज्जत घालून समुद्राकडची बाल्कनी मिळवली. तिथे काकांनी पहिल्याच सकाळी प्लॅस्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. मी खुर्ची मांडायला गेलो तर म्हणाले, "सावली पडते. सरक."

बेट म्हणजे निवडुंग, काटेरी झुडपं आणि एकाच दिशेला वाकलेली झाडं. असलं माळरान बघायला मी सोलापूर सोडलं नव्हतं. "वारा आहे, ऊन लागत नाही," या त्यांच्या भरवशावर टक्कल उघडं ठेवून फिरलो. रात्री उशीला डोकं टेकवेना. काका मात्र दिवसभर समुद्राकडे पाठ करून पापड्यांवरचे पक्षी हाकत बसलेले.

तिसऱ्या दुपारी सर कोसळली. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. नव्या पापड्यांचा लगदा झाला होता आणि काका गुडघ्यांवर बसून तो गोळा करत होते. मी तोंड उघडणार, तोच त्यांचा फोन वाजला. नर्सने काकूंना व्हिडिओवर आणलं होतं.

"अहो, आभाळ आलंय. गच्चीवरचं वाळवण भिजलं का?"

काकांनी फोन छातीशी धरला. हलक्या आवाजात मला म्हणाले, "वाळलेलं दिसलं की शांत होते. नाहीतर दिवसभर जिना शोधत फिरते. मागे पडली होती."

मग तोंड पुसून फोनला म्हणाले, "नाही गं. कडक ऊन आहे."

"दाखवा बघू."

काका बाल्कनीकडे बघत राहिले. मी पडदा ओढला, दिवे लावले, कपाटातून पहिल्या दिवशीच्या पापड्यांचं ताट काढलं आणि एक पापडी फोनजवळ धरून कडकन मोडली.