टेंभरेंचं टेस्टिंग

ईश्वरदास टेंभरे नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, देव विचारतात. "तुमी कोणाले मानता जी?" असं अगदी अदबीनं विचारतात. समोरचा हात जोडून एखाद्या महाराजांचं नाव घेतो. टेंभरे त्याच्याच कॉम्प्युटरसमोर बसतात, दोन-तीनदा काहीतरी टाइप करतात आणि आत शिरतात. मग खुर्ची वळवून म्हणतात, "पाहा. तुमच्या देवानं मले आत घेतलं. चोरालेही घेतलं असतं."

गोंदियातल्या आमच्या पतसंस्थेत ते कॉम्प्युटर सांभाळायला आले तेव्हा सगळ्या शाखांचे पासवर्ड म्हणजे देवांची यात्रा होती. सगळा हिशेब मुख्य कार्यालयातल्या एका सर्व्हरवर, आणि आमगाव, सडक अर्जुनीपासून सगळे लोक आपापल्या गावातून त्यात लॉगिन करणार. दार एक आणि कुलपं देवांच्या नावाची. टेंभरेंनी पहिल्याच आठवड्यात सगळी कुलपं उघडून दाखवली. फक्त रामटेके मॅडम अडून बसल्या. "आमच्यात देवच नाही मानत. आता सांगा माझा पासवर्ड." टेंभरेंनी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचा फोटो पाहिला आणि विचारलं, "पोरीचं नाव काय जी?" मॅडमनी हसत हसत हात जोडले. टेंभरे म्हणाले, "देव नाही मानत, पण पोरीले मानता. तेच झालं."

त्यानंतर त्यांनी पासवर्डचा धंदाच बंद करून टाकला. त्याऐवजी प्रत्येकाला चावी. म्हणजे कॉम्प्युटरमधलीच चावी, जोडीची. जोडीतली एक सर्व्हरजवळ, दुसरी तुमच्याजवळ, आणि दोन्ही जुळल्या तरच दार उघडणार. ज्यांचे कॉम्प्युटर जुने होते त्यांना ती चावी पेन ड्राइव्हमध्ये घालून दिली आणि बजावलं, "जिवापाड सांभाळा." सडक अर्जुनीच्या शाखाधिकाऱ्यांनी हे फार मनावर घेतलं. त्यांनी पेन ड्राइव्ह ऑफिसातल्या देव्हाऱ्यात गणपतीच्या पायाशी ठेवला. पुढच्या गुरुवारी शिपायानं देव घासले, तेव्हा पंचामृताची आंघोळ त्यालाही झाली.

त्या दिवशी सडक अर्जुनीची शाखा बंद पडली. टेंभरे नवी चावी घेऊन मोटरसायकलवर गेले, आणि परत आल्यावर माझ्या टेबलासमोर बसून बराच वेळ नुसते हसत राहिले. "साहेब, तो पेन ड्राइव्ह मले दाखवून राहिले होते. वर कुंकवाचं बोट. मी म्हणलं, देवाले कायले पायजे जी आपल्या सर्व्हरचं लॉगिन? त्याले जर सगळं दिसते, त तो सरळ आतच असन!"

सकाळी आल्या आल्या लोक पेपर वाचतात, टेंभरे लॉग वाचत. आदल्या रात्री सर्व्हरचं दार कोण कोण ठोकून गेलं, त्याची यादी. कुठल्या कुठल्या देशांतून यंत्रं येतात म्हणे, एकामागून एक नावं टाकून पाहतात आणि परत जातात. टेंभरे चहा पीत ते वाचत आणि मोठ्या खुशीत असत. "आज रातभर ठोकत होते. सगळ्याईले एकच उत्तर. नाही. नाही. नाही." आणि मग हमखास त्यांच्या आवडत्या विषयावर घसरत. "प्रार्थनेचंही असंच आहे साहेब. सारी दुनिया दार ठोकून राहिली. पण आपला सर्व्हर निदान 'नाही' त म्हणते. तिकडून तेही नाही येत."

आमचे अध्यक्ष मोठे सत्संगी. ते एकदा चिडून म्हणाले, "अरे टेंभरे, एवढी सृष्टी आपोआप झाली का? कोणी बनवल्याशिवाय?"

"बनवली असन जी," टेंभरे म्हणाले. "आपलं सॉफ्टवेअरही कोणी तरी बनवलंच ना? बनवलं, बिल घेतलं, आता फोन नाही उचलत. मी कुठं म्हणतो का बनवणारा नव्हता? मी म्हणतो, मेंटेनन्सचा करार दाखवा."

अध्यक्ष चहा अर्धा टाकून उठले. नोकरी जाईल असं आम्हाला वाटलं. पण टेंभरेंची नोकरी जाणं कठीण होतं, कारण त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. रजेवर गेलेल्या माणसाचं लॉगिन ते त्याच संध्याकाळी बंद करत आणि तो परत आला की हसून उघडून देत. अध्यक्षांच्या जावयानं एकदा "जरा मला आत सोडा" म्हटलं, तर त्यालाही तोंडावर नाही म्हणाले. मला त्यांचा हेवा वाटायचा. जे वाटतं ते तोंडानं बोलणारा माणूस मी फार जवळून कधी पाहिला नव्हता. आरशात तर नाहीच.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी या संस्थेचा व्यवस्थापक. ऑफिसातली गुरुवारची आरती मी म्हणतो. आवाज बरा आहे, म्हणून वर्षानुवर्षं ते काम माझ्याकडे. डोळे मिटून, टाळ धरून. आणि गेली काही वर्षं त्या आरतीतलं एक अक्षरही मला आतून लागत नाही, हे मी घरी, दारी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

आमचं गाव आमगावच्या वाटेवर, हमरस्त्यापासून थोडं आत. गावाबाहेर धानाच्या बांध्यांच्या कडेला मातामायचं छोटंसं देऊळ आहे. तिथला संध्याकाळचा दिवा आमच्या घराकडे. आजोबांनी लावला, वडिलांनी लावला, त्यांच्यानंतर मायनं लावला. माय पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला मी गोंदियाला माझ्याकडे आणलं. ऑपरेशनच्या वेळी मी मातामायला जेवढं विनवलं तेवढं आयुष्यात कुणाला विनवलं नव्हतं. माझी माय चालू दे, एवढंच. माय चालली नाही. खाट धरली ती धरलीच. पण तिनं कधी कुरकुर केली नाही. तिला चिंता एकच. "बाबू, दिव्याचं काय?"

"मी लावून येत जाईन," मी म्हणालो. ऑफिस सुटल्यावर गाडी काढली की अर्ध्या तासाचं अंतर. सुरुवातीला गेलोही. मग एका संध्याकाळी काडी ओढली आणि हात तसाच राहिला. हा दिवा कुणासाठी? जिनं ऐकलं नाही तिच्यासाठी? काडी बोटापर्यंत जळत आली, मी ती टाकली आणि परत फिरलो.

पुढच्या दिवसापासून मी गेलोच नाही. रेल्वे फाटकाजवळ एका चहाच्या टपरीवर बसायचो, गावाला जाऊन यायला लागतो तेवढा वेळ. टपरीवाला एकदा म्हणाला, "भैया, घर में झगडा हो गया क्या?" घरी गेलं की माय विचारायची, "लावला?" मी म्हणायचो, "लावला." ती खाटेवरूनच हात जोडायची. ते जोडलेले हात पाहायला लागू नयेत म्हणून मी लगेच पाय धुवायला मोरीत जायचो.

असं सगळं चाललेलं असताना टेंभरे एका रविवारी घरी आले. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरून ऑफिसात लॉगिन करायची चावी बसवायची होती. काम झालं आणि ते मायजवळ जाऊन बसले. सवयीनं विचारलं, "माय, तुमी कोणाले मानता?"

"मातामायले मानतो बाबा. पण आता दिसत नाही ते. डोळ्यात जीव हाये, पायात नाही."

टेंभरे त्यावर काहीतरी खवचट बोलणार म्हणून मी श्वास रोखून होतो. ते म्हणाले, "दाखवून देतो ना मग. एक कॅमेरा लावू देवळात. तुमी इथं खाटेवर पाहा."

"दिवा दिसन?"

"दिवा काऊन नाही दिसन? सगळं दिसन."

मायचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी म्हणालो, "कशाला त्रास, टेंभरे? तिकडे नेटवर्क नसतं." ते म्हणाले, "हाये. मी पाहिलं." मी म्हणालो, "माकडं आहेत." ते म्हणाले, "जाळी लावू." मी त्यांना दंडाला धरून बाहेर अंगणात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. टपरी, फाटक, ती काडी, सगळं. आणि शेवटी म्हणालो, "तुम्ही तरी समजून घ्या. तुम्हीही मानत नाही."

मला वाटलं होतं ते पाठ थोपटतील, आपल्यात आणखी एक आला म्हणून. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुमी मानत नाही, हे ठीक हाये साहेब. मीही नाही मानत. पण तुमी लॉग खोटा लिहिला."

त्यांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नाही.

"आता काय करू?"

"मायले खरं सांगा. ते तुमचं काम. कॅमेरा माझं काम."

पुढच्या रविवारी त्यांनी कॅमेरा बसवला. मातामायच्या देवळाला त्यांनी जी सुरक्षा दिली ती आमच्या तिजोरीलाही नसेल. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड आधी उडवला. कॅमेरा पाहायचा तर फक्त मायच्या हातातल्या टॅबवरून, कारण चावी त्यातच. मलाही चावी दिली नाही. मी मागितली तर म्हणाले, "तुमाले कायले? तुमी त मानत नाही." मायला मात्र त्यांनी नीट समजावलं, "माय, बाहेरचा कोणी चोर तुमच्या देवळात डोकावू नाही शकत. फक्त तुमी."

दुसऱ्या दिवसापासून रोज जाऊन दिवा लावायचा असं मी ठरवलं होतं. सोमवारी अध्यक्षांनी अचानक बैठक लावली. बाहेर अंधारून येऊ लागलं. मायच्या हातात टॅब असेल आणि टॅबमध्ये काळोख. बैठक संपताच गाडी घेऊन मी घरी पळालो, काय सांगायचं ते वाटेत जुळवत. दारातून आत शिरलो तर माय टॅब छातीशी धरून बसलेली. "लागला बाबा दिवा," ती म्हणाली. तिनं मला विचारलं नाही, कुणी लावला. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेंभरेंना गाठलं. ते आमगावला एकटेच राहतात, रोज मोटरसायकलनं येणंजाणं करतात.

"तुम्ही लावला?"

"टेस्टिंग होतं जी. अंधारात कॅमेरा चालते का नाही, कसं समजन? समोर उजेड लागते."

"दिव्याचाच?"

"बल्ब गेला होता."

मग रोज टेस्टिंग होऊ लागलं. पावसाळ्यात भिंगावर ओल धरते म्हणून टेस्टिंग. हिवाळ्यात धुकं असतं म्हणून टेस्टिंग. मी दोनदा म्हणालो, आता मी जातो. दोन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं, "मायले सांगतलं?" मी फायली आवरू लागलो. "मग राहू द्या. टेस्टिंग चालू हाये." सोपी गोष्ट होती आणि मला ती जमत नव्हती. टेंभरेंना मीच पाठवतो असं माय धरून चालली असणार, आणि त्या दुसऱ्याच्या दिव्यावर मी तिच्या नजरेत भाविक होऊन बसलो होतो.

शेवटी एका संध्याकाळी मी तिच्या खाटेवर टेकलो. टॅब तिच्या मांडीवर होता, देऊळ दिसत होतं, दिवा अजून लागायचा होता. मी म्हणालो, "माय, मी जात नव्हतो. खोटं सांगत होतो तुले. माझ्याच्यानं नाही होत आता. मागणं नाही होत, हात जोडणं नाही होत." एवढं बोलायला मला माझं निम्मं आयुष्य लागलं होतं.

ती जराशी हलली, मला बसायला आणखी जागा करून दिली.

"तू माझ्यासाठी मागतलं, अन् मी नाही चालली. म्हणून ना?"

मी मान हलवली.

"वेडा रे तू. इतकुशा गोष्टीसाठी बोलणं टाकून देते का कोणी? हा पाहा, हा त हातही नाही जोडत, मानतच नाही. तरी बोलणं नाही टाकत."

तिनं टॅब माझ्याकडे वळवला. टेंभरे आले होते. त्यांनी चपला पायरीखाली काढल्या, वात सरळ केली, दिवा लावला. मला वाटलं आता निघतील. ते पायरीवर बसले आणि मातामायकडे तोंड करून बोलायला लागले. कॅमेऱ्यातून आवाज येत नव्हता. हातवारे मात्र स्पष्ट दिसत होते, अध्यक्षांशी वाद घालताना करतात तेच. मधेच थांबत, ऐकल्यासारखं करत, आणि पुन्हा सुरू होत.

"काय बोलते गं?"

"मले काय माहीत? रोज भांडते. एकदा रडलाही."

बाहेरून रेल्वेची शिट्टी ऐकू आली आणि गेली.

"पहिल्या दिवशी मी देवच पाहाले बसली होती," माय म्हणाली. "आता नाही. मातामाय कुठं जाते? ते त तिथंच हाये. याच्या घरी वाट पाहाले कोणी नाही ना बाबू. माणूस दिवसभराचा आला, गेला, त कोणीतरी पाहिलं पाहिजे त्याले."

"त्याला माहीत आहे, तू रोज बघतेस?"

"नको सांगू. लाजन, अन् येणं सोडन."

पडद्यावर टेंभरे उठले, कॅमेऱ्याजवळ आले आणि रुमालानं भिंग पुसायला लागले. त्यांचा चेहरा एवढा मोठा झाला की दाढीचे पांढरे खुंट मोजता आले असते. माझ्या मायनं टॅबवरून, त्या चेहऱ्यावरून, दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलावर नेऊन कडाकडा बोटं मोडली.