जपानी पद्धतीचे कुलूप

माणूस नव्या घरात राहायला गेला म्हणजे तो तिथे राहू लागला, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. सामान हलवता येते. माणसाला बसवावे लागते. (पंपही बसवावा लागतो, पण पंप त्या वेळी काही बोलत नाही.) त्यातून देश परका असला तर हे काम त्या माणसावर सोडून मुळीच चालत नाही, कारण आपण तिथे कसे राहायचे हे त्याला ठाऊक नसते. ते शेजाऱ्यांना ठाऊक असते.

आमच्या गावाला या कामाचा अनुभव एकदाच आला, १९७४ साली. तो इतका पुरेसा होता की दुसऱ्याची गरज पडली नाही.

आमचे गाव भंडाऱ्याहून वैनगंगेपलीकडे, कारध्याच्या पुढे. भाताचे गाव. जपानी पद्धतीची भातशेती आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीच आली होती. जपानी माणूस तेवढा यायचा राहिला होता. या पद्धतीत दोरी ताणून सरळ ओळीत रोवणी करायची असते. शेतकी खात्याने दोऱ्या फुकट वाटल्या. गावाने त्या मनापासून स्वीकारल्या आणि त्यांवर धोतरे वाळत घातली. (ओळ सरळच असे.) पीक पूर्वीइतकेच येत राहिले, त्यामुळे जपानी पद्धतीविषयी कोणाची तक्रार नव्हती.

शेवटी खात्याने ठरवले की पद्धतीसोबत माणूसही पाठवावा. म्हणून होळीच्या आधी हायाशी नावाचे भाततज्ज्ञ आणि त्यांच्या पत्नी सातोको दोन वर्षांसाठी गावात राहायला आले. त्यांच्या प्रयोगाच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या तुकड्यांना, पाणी लागणार होते, पाण्याला पंप, पंपाला वीज. तेव्हा विजेची तार गावापर्यंत आणण्याचे खात्याने कबूल केले. तोपर्यंत गावात वीज नव्हती. सरपंच वासुदेवरावांनी हा कार्यकारणभाव सभेत थोडक्यात मांडला.

"साहेब राहिला तं तार येईन. साहेब गेला तं कंदील हायेच."

मी गावच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका होते. इंग्रजी बोलता येते म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. हायाशींचे इंग्रजी बरे होते, सातोकोबाईंचे मोजके. पण पंधरवड्यात त्या आमची बोली उचलू लागल्या, आणि मोजकेच बोलणे हा भाषेचा दोष नसून त्यांचा स्वभाव आहे, हे उघड झाले. गावाने हा दोष मनावर घेतला नाही. कमी बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याचे बोलायला गावात पुष्कळ लोक मोकळे होते.

गावातल्या यादोरावांचे दुसरे, दोन खोल्यांचे कौलारू घर त्यांना दिले होते. पुढे सपरी, म्हणजे ओसरी, मागे विहीर, भिंतीला भिंत लावून गोदावरीबाईचे घर. गोदावरीबाई पन्नाशीची, एकटी राहणारी, आवाजाने खणखणीत. बसवण्याचे काम तिच्या देखरेखीखाली सुरू झाले.

पहिला टप्पा सामानाचा. पेट्या पाहुण्यांना उघडू देण्यात आल्या नाहीत. दमून आलेले होते. प्रत्येक वस्तू अंगणात हातोहात फिरली, तिची किंमत विचारली गेली, ती भंडाऱ्याला निम्म्यात मिळते हे कळवण्यात आले आणि मग ती गोदावरीबाईला योग्य वाटेल तिथे ठेवली गेली. दुसरा टप्पा जेवणाचा. त्याविषयी हायाशींच्या पोटाने पुढे बरेच दिवस साक्ष दिली. तिसरा टप्पा बैठकीचा. नवीन घर रिकामे राहू देत नाहीत. त्यात सारखे कोणी तरी बसलेले असावे लागते. मी सवयीने काही निरीक्षणे घेतली. एका वेळी घरात सरासरी नऊ माणसे असत, त्यांपैकी घरची दोन. खुर्च्याही दोन. त्यांवर घरची माणसे बसलेली कधी आढळली नाहीत.

काम व्यवस्थित चालले होते. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सातोकोबाईंनी पाहुण्यांना वाकून निरोप दिला, आत गेल्या आणि कडी लावली.

इथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. दिवसा दार बंद असण्याला गावात तीन कारणे मान्य आहेत. एक, घरात बाळंतीण. दोन, घरात भांडण. तीन, माणसे परगावी; पण तेव्हा बाहेरून कुलूप असते. (ऊन हे कारण नव्हे, ते सर्वांनाच असते.) त्यानुसार शेजाऱ्यांची वागणूकही ठरलेली आहे. उघड्या घरात डोकावणे ही आपुलकी. आतून कडी लावलेल्या घरात डोकावणे ही काळजी. कुलूप लावलेल्या घरात डोकावणे ही चोरी. या तिन्हींत गावाने कधी गल्लत केलेली मी पाहिली नाही.

सातोकोबाई बाळंतीण नव्हत्या. कुलूप नव्हते. उरले भांडण.

"पण आवाज तं नाई येऊन राहिला," यादोराव खिडकीशी कान लावून म्हणाले.

"मुक्यानं भांडत असतीन," गोदावरीबाई म्हणाली. "त्यायच्या देशात तसं असन. नाई तं दार लावून करते काय थे आत?"

हा प्रश्न त्या दिवशी प्रथम विचारला गेला. पुढे तो गावाच्या सार्वजनिक जीवनात कायम राहिला.

संध्याकाळी वासुदेवराव आणि यादोराव तडजोडीसाठी गेले. मी दुभाषी होतेच. हायाशी नम्रपणे म्हणाले, आमचे भांडण नाही. हे वाक्य फक्त भांडणाच्या घरातच ऐकू येते, त्यामुळे निदान पक्के झाले. मग त्यांनी समजावून सांगितले की त्यांच्या पत्नीला दिवसातून एखादा तास एकटीने राहायला आवडते. मी ते अचूक भाषांतरित केले. माझ्या शिक्षणात अचूकतेला फार महत्त्व होते. तिच्या परिणामांवर धडा नव्हता.

वासुदेवरावांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"एकटी?" वासुदेवरावांचा आवाज खरोखर हलला होता. "आमी सारे असून एकटी वाटते तिले? आमचंच चुकलं, बाई. साहेबाले सांगा, उद्यापासून असं नाई होनार."

झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून बायकांच्या पाळ्या लागल्या. सकाळी डाळ निवडणाऱ्या, दुपारी झोपायला येणाऱ्या, संध्याकाळी नुसत्या पाहत बसणाऱ्या. सरपंचांच्या पत्नी सुलोचनाबाई शिवणयंत्र घेऊन आल्या. सातोकोबाई विहिरीवर गेल्या की दोघी सोबत जात, आणि त्या जिथे सोबत न्यायची पद्धत नाही तिथे निघाल्या की तांब्या धरायला एक जण जाई. सरासरी चौदावर गेली. सातोकोबाई वाळत चालल्या. गावाने त्याचे कारण एकटेपणा असे लावले आणि मात्रा वाढवली. रोग्याला औषध लागू पडत नसेल तर औषध कमी पडते आहे, यावर आमच्याकडे डॉक्टरांचे आणि लोकांचे एकमत आहे.

एप्रिलच्या एका संध्याकाळी सातोकोबाई शाळेच्या दाराशी आल्या. मागे तिघी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून आयुष्यातले पहिले पूर्ण मराठी वाक्य उच्चारले.

"बाई, मी जाऊन राहिली."

आवाज शांत होता. त्यांनी हिशेब केला होता. रोवणीच्या आत जपानला परत जायचे. हायाशींना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ती गेली तर मीही जाईन. प्रयोग खाते दुसऱ्या कोणाकडून दुसऱ्या जिल्ह्यात करून घेईल. मी हे वासुदेवरावांना सांगितले.

"सातोबाई गेली तं साहेब जाईन," ते हळूहळू म्हणाले, "साहेब गेला तं तार जाईन." मग बराच विचार करून त्यांनी उपाय सांगितला. "आणखी बाया पाठवू काय?"

उपाय भंडाऱ्याच्या बाजारात सापडला, म्हणजे बाजारात नव्हे, बाजारामुळे. शुक्रवारी दोघे नवरा-बायको खरेदीला गेले आणि जाताना दाराला कुलूप लावले. परत आले तेव्हा सपरीवरचा शेणाचा सडा सकाळी होता तसा होता. त्यावर एकही पाऊल नव्हते. दिवसभरात बावीस माणसे अंगणापर्यंत येऊन, कुलूप पाहून, परत गेली होती. सातोकोबाई त्या कुलपाकडे पाहत उभ्या राहिल्या. (साध्या वस्तूकडे असे उभे राहून पाहण्याला शास्त्राच्या इतिहासात मान आहे.)

दुसऱ्या दिवशी हायाशी बांध्यांवर गेल्यावर त्यांनी कुलूप-किल्ली गोदावरीबाईच्या हातात दिली, स्वतः आत गेल्या आणि कुलूप बाहेरून लावायची खूण केली.

"माय वो! जित्या माणसाले कोंडू काय मी?" गोदावरीबाई ओरडली.

सातोकोबाईंनी हात जोडले. गोदावरीबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. काय दिसले कोण जाणे. तिने कुलूप लावले, किल्ली कमरेला खोचली आणि सपरीवर बसली.

डाळवाल्या बायका आल्या. "गेले वाटते कुठं?"

"कुठं जातीन? थे आतच हाय."

"मंग कुलूप?"

"कुलूप बाहेरून हाय."

बायकांनी कुलपाकडे पाहिले, एकमेकींकडे पाहिले. "मंग गेलीच म्हना," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी हाक मारली नाही. कोणी खिडकीशी गेले नाही. आत माणूस आहे हे सर्वांना माहीत होते; पण ती माहिती झाली, आणि कुलूप हे कुलूप असते. सपरीवर सतरंजी अंथरून मंडळी तिथेच बसली आणि दबक्या आवाजात, ती आत करत काय असेल, यावर बोलत राहिली. तासाभराने गोदावरीबाईने कुलूप काढले. सातोकोबाई बाहेर आल्या, हसल्या आणि सर्वांसाठी चहा ठेवला.

"बाजाराहून आली काय वो?" कोणी तरी आदराने विचारले.

त्या गेल्या नाहीत. आठवड्याभरात अंगावर मांस दिसू लागले. एवढ्यावर थांबले असते तर ही एका कुटुंबाची हकीकत झाली असती. पण चांगली पद्धत एका घरात राहत नाही.

मे महिन्यात एका दुपारी सुलोचनाबाई गोदावरीबाईकडे आल्या. हातात स्वतःच्या घराचे कुलूप होते. "ऊन निंबावरून उतरेपर्यंत लाव जरा," त्या म्हणाल्या, आणि कोणी कारण विचारण्याआधी आपल्या घरात गेल्या. वासुदेवराव जेवायला आले तेव्हा दाराला कुलूप होते. ते सपरीवर बसले. यादोराव रस्त्याने जात होते.

"काहून बसले, सरपंच?"

"मालकीन बाजाराले गेली."

"बाजार तं शुक्रवारी असते. आज मंगळवार हाय."

"मंग गेली असन कुठं तरी." आतून बांगड्यांचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला नाही. "बसा थोडे," वासुदेवराव म्हणाले. यादोराव बसले, कारण कुलूप त्यांच्याही घराला होते.

रोवणीपर्यंत ही पद्धत गावभर झाली. दुपारी जेवणे आटोपली की घरोघर बाहेरून कुलुपे आणि सपऱ्यांवर नवरे. किल्ल्या बांधायला दोऱ्या लागत. खात्याने वीस वर्षांपूर्वी दिलेल्या दोऱ्या शेवटी या कामी आल्या. तांत्रिक अडचण एकच होती. प्रत्येकीला कुलूप लावायला बाहेर कोणी तरी लागते, म्हणून गावात नेहमी एक बाई शिल्लक राहणार. हे गणिताने सिद्ध करता येते. ती गोदावरीबाई. कमरेला गावच्या किल्ल्या आणि दाराला कुलूप नाही, त्यामुळे सगळे पाहुणे तिच्याकडे. दिवाळीनंतर तिने तक्रार केली तेव्हा आळीपाळी ठरली, आणि तिची पहिली दुपार आली त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत उघडा म्हणाली नाही.

पुढच्या वर्षी खात्याचे अधिकारी पाहणीला आले. किती कुटुंबांनी जपानी पद्धत स्वीकारली, असे त्यांनी वासुदेवरावांना विचारले. वासुदेवराव खोटे बोलणारे नव्हते.

"साऱ्यायनं, साहेब. एक घर नाई सुटलं."

"अडचण काही?"

"सुरुवातीले मानसायले जड गेलं. आता सवय झाली."

अधिकाऱ्यांनी समाधानाने मान हलवली. दोन महिन्यांत खांब आले, मग तार आली. रोवणी अजून हाताच्या अंदाजाने होते आणि ओळ वाकडीच असते. हायाशी कुटुंब ठरल्याप्रमाणे दोन वर्षे राहिले. निघताना सातोकोबाईंनी कुलूप गोदावरीबाईला दिले आणि तिच्या गळ्यात पडून रडल्या. त्यावरून त्या आता पुरत्या बसल्या होत्या असे गावाचे मत पडले.

एक प्रश्न राहिला आहे. दार लावून त्या आत करत काय होत्या? यादोरावांच्या मते पूजा. सुलोचनाबाईंच्या मते आपण करतो तेच, म्हणजे काही नाही. वासुदेवरावांना सरकारी काम असावेसे वाटते. किल्ली जिच्या कमरेला होती त्या गोदावरीबाईने कधी विचारले नाही. "कायले इचारू? कुलूप व्हतं नं."

मला ते माहीत आहे. एका रविवारी गोदावरीबाईने सातोकोबाईंना आणि मला आत ठेवून कुलूप लावले होते, आणि मी ते हाताच्या अंतरावरून पाहिले.

आपण इथवर वाचत आलात. भाताच्या ओळींसाठी आला नाहीत, विजेच्या तारेसाठीही नाही. दाराला कुलूप आहे हे आपल्याला मघापासून माहीत आहे, आणि डोकावण्याचे तीन प्रकार मी आधीच सांगून ठेवले आहेत. आपला कोणता, हे आपले आपण पाहावे. मला फक्त एवढेच सुचवायचे आहे की सपरीवर जागा आहे. सतरंजी अंथरलेली आहे. आधी आलेली मंडळी थोडी सरकून घेतील. बसा. आवाज तेवढा हळू ठेवा, घरात कोणी नाही.